सप्ताहाच्या मंडपात इच्छुकाचा फ्लेक्स आणि काल्याआधी माईक: तुमच्याकडं काय करतात?

सप्ताह खजिनदार (कडेगाव तालुका)

राम कृष्ण हरी मंडळी.

आमच्या गावात मारुतीच्या देवळात रामनवमी ते हनुमान जयंती असा अखंड हरिनाम सप्ताह बसतो. काकडा, पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला. घरटी वर्गणी असते. कुणी पोतंभर गहू देतं, कुणी गुळाची ढेप, कुणी चुलवणाला लाकडं. यंदा उसाची बिलं वेळेवर आली नाहीत, द्राक्षबागांचंही काही खरं नव्हतं, त्यामुळं वर्गणी रोडावली आहे.

अशात येत्या निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या एका दादांचा निरोप आला. काल्याचा अख्खा महाप्रसाद त्यांच्याकडून. बुंदी, भात, आमटी, हजार-दीड हजार पान. त्या बदल्यात कमानीवर त्यांचा फोटो असलेला फ्लेक्स लावायचा, काल्याच्या कीर्तनाआधी सत्कार करायचा आणि दादा पाच मिनिटं बोलणार.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त टोचते. गेल्या साली एका रात्री बाहेरून बोलावलेले महाराज अभंगाचं निरूपण करता करता निसटले आणि कुणाच्या दुकानातून माल घ्यायचा, कुणाच्या नाही, यावर आले. मंडपात टाळ्या पडल्या. मी मागं वळून पाहिलं तर जनरेटरपाशी मुलाण्याचा पोरगा बसलेला. त्याच्या आजोबापासून सप्ताहाच्या उजेडाची सेवा त्यांच्या घराकडं आहे. आधी गॅसबत्त्या असायच्या, आता लाईट आणि स्पीकर. पैसे घेतात ते फक्त डिझेलचे. त्याच्याच स्पीकरवरून ते बोलणं चाललं होतं. तो उठला नाही. मधेच माईक शिट्टी मारायला लागला तेव्हा त्यानंच मशीनवरचं बटण फिरवून आवाज सरळ केला आणि कीर्तन संपेपर्यंत बसून राहिला. काल्याच्या पंगतीला मात्र त्या घरातलं कुणी आलं नाही. आता यंदा तो म्हणतोय, "काका, या वर्षी दुसरं कुणीतरी बघा."

कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, आयता महाप्रसाद मिळतोय तर घ्या. दुसऱ्याला हे नको आहे, पण तो गप्प बसतो. माझ्या मनात दोन्ही गोष्टींना नकार आहे. नुसतं "मला पटत नाही" म्हणून बैठकीत कुणी ऐकणार नाही. संतांनी याबद्दल काही सांगून ठेवलंय का? कायदा काय म्हणतो? बैठक गुरुवारी आहे.

---

पलूसचा नाना

घ्या की. गोरगरीब पोटभर जेवतील, अन्नदानासारखं पुण्य नाही. फ्लेक्स दोन दिवस राहील आणि वाऱ्यानं फाटून जाईल. आमच्याकडं यात्रेला सगळ्याच पार्ट्यांचे फ्लेक्स असतात, देव काही रागावलेला नाही. नाही म्हणालात तर उद्या रस्त्याचं, पाण्याचं काम घेऊन त्याच माणसाच्या दारात जावं लागेल, याचाही विचार करा.

---

तरुण कीर्तनकार (खटाव)

फ्लेक्सला माझाही विरोध आहे. पण कीर्तनकारानं समाजावर, राजकारणावर बोलूच नये, असा सूर निघणार असेल तर मी त्याच्या आड येईन. गाडगेबाबांनी कीर्तनातून कर्ज, दारू, नवसाचं बकरं सगळ्यावर कोरडे ओढले. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषण केलं. त्या काळातलं हे मोठं राजकारणच होतं. 2013 साली जादूटोणाविरोधी कायद्याच्या विरोधात आपलेच वारकरी रस्त्यावर उतरले होते. धर्मावर संकट आलंय असं मनापासून वाटणाऱ्यानं गादीवर उभं राहून फक्त गोड गोड निरूपण करायचं का? लोक आम्हाला विचारतात, महाराज, तुमचं मत काय. त्यांना टाळून जाणं मला पळपुटेपणाचं वाटतं.

---

विणेकरी (कराड)

खजिनदार, आधार शोधायला लांब जावं लागत नाही. तुकोबारायांचा अभंग आहे, "जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें". पुढं म्हणतात, कपाळाला बुक्का लावून घेऊ नका, गळ्यात माळ घालून घेऊ नका, बैलाला दाणा-वैरणसुद्धा मागू नका. आणि शेवट असा आहे: "तुका म्हणे द्रव्य घेती । देती तेही नरका जाती". बैठकीत हा अभंग पूर्ण म्हणा. कमिटीतल्या निम्म्या लोकांना तो पाठ असेल. पाठ असून त्याचा विचार होत नाही, हेच दुखणं आहे.

तुकोबा बैलाच्या वैरणीपर्यंत का गेले? ज्याचं खाल्लं त्याच्यापुढं मान वर होत नाही, एवढं साधं कारण आहे. आज पाकिटाशिवाय कीर्तन होत नाही हे मला दिसतं. महाराजांनाही लेकरंबाळं आहेत, मृदंगाचार्याला द्यावं लागतं, गाडीभाडं असतं. गावानं वर्गणीतून दिलं तर महाराज गावाचे मिंधे होतात, आणि गाव म्हणजे सगळेच. एका माणसानं दिलं तर ते त्या एकाचे मिंधे होतात. नाना, अन्नदान पुण्याचं आहे, यात वादच नाही. त्या दादांनी पोतंभर तांदूळ आणावेत, पावती घ्यावी, पंगतीत मांडी घालून जेवावं. मी स्वतः त्यांना वाढीन. पण फोटो आणि माईकची अट घातल्यावर त्याला दान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता मी जे वर्षानुवर्षं हातानं केलंय ते सांगतो. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारे लावलेले असतात, देवळाच्या खांबावर नावांचा कागद असतो. माझा पहारा पहाटे दोनचा. त्या वेळी देवळात तुरळक कुणी असतं, बाकी सगळे मंडपात चादरी ओढून झोपलेले. चारला माझ्या गळ्यातली वीणा घ्यायला जो माणूस येतो, तो आणि मी सोसायटीच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध पॅनेल लावतो. बांधावरूनही आमचं एकदा चांगलंच वाजलं होतं. तो आला की मी आधी त्याच्या पाया पडतो, तो माझ्या पाया पडतो, आणि मग वीणा माझ्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. तिथं वय बघत नाहीत, जात बघत नाहीत, पार्टी बघत नाहीत. सगळ्या वर्षात आम्ही दोघं एकमेकांपुढं वाकतो ते तेवढ्याच वेळी.

आता त्या देवळाच्या कमानीवर एका पार्टीचा फोटो लावा. माझ्या विरुद्ध पॅनेलचा माणूस त्याखालून वाकून आत येईल का? तो नाही आला तर चार वाजता मी वीणा कुणाच्या गळ्यात घालू? खजिनदार, बैठकीत हा प्रश्न विचारा. सप्ताह "अखंड" राहतो तो रोज एवढी माणसं ठरल्या वेळी येतात म्हणून. एक तट बाहेर राहिला की पहाऱ्याचा कागद भरत नाही. बुंदीवाचून सप्ताह अडल्याचं मी कुठं पाहिलं नाही, पहारेकरी नाहीत म्हणून बंद पडलेले सप्ताह मात्र पाहिलेत.

खटावच्या महाराज, तुमच्याशी मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमचा प्रश्न खरा आहे. कीर्तनकारानं तोंड शिवून बसावं असं मी म्हणत नाही. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, मग रात्री बोलायचे. आणि बोलायचे ते समोर बसलेल्यालाच. तू कर्ज काढून जेवणावळ घालतोस, तू दारू पितोस, तू मुलाला शाळेत घालत नाहीस. गैरहजर माणसावर तोंडसुख घेऊन समोरच्याला खूश करायचं कीर्तन त्यांनी केलं नाही. साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले, जीव स्वतःचा पणाला लावला, आणि मागणी काय होती? बाहेर उभं केलेल्यांना आत घ्या. मी त्या दोघांकडून एवढंच शिकलो: गादीवरच्या बोलण्यानं बाहेरचा माणूस आत आला, की आत बसलेला बाहेर गेला, ते बघायचं. गेल्या साली खजिनदारांच्या गावात मुलाण्याचं घर बाहेर गेलं.

दारूबंदीचंच घ्या. आपल्याकडं बायकांनी "आडवी बाटली"साठी मतदान मागितलं, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होतं. आमच्या सप्ताहात त्यावर कीर्तन झालं. गावातला दुकानवाला समोर बसला होता, माझा पिणारा चुलतभाऊही होता. कुणाला वाईट वाटलं नसेल असं नाही. पण कुणाचं नाव, जात, पक्ष निघाला नाही आणि दोघंही दुसऱ्या दिवशी हरिपाठाला हजर होते. असं बोला, रोज बोला.

2013 बद्दल. वारकरी रस्त्यावर उतरले ते नागरिक म्हणून उतरले, तो त्यांचा हक्क. मी कायद्याच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. त्या कायद्यासाठी लढणारे डॉक्टर दाभोलकर साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्या दिवशी माळ घातलेला माणूस म्हणून मला मनस्वी लाज वाटली होती, कारण त्यांना धर्मबुडवे म्हणताना मी माळकऱ्यांना ऐकलं होतं. पुढं डिसेंबरात कायदा झाला तेव्हा त्यात वारी, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं स्वतंत्र कलमच होतं. ज्या भीतीपोटी एवढा गदारोळ झाला ती जागच्या जागी विरली. म्हणून म्हणतो, धर्मावर संकट आलं असं कुणी सांगितलं की आधी तो कागद मागून वाचावा.

आणि मुलाण्याच्या घराबद्दल. तुकोबांनी पवित्र कुळांची नावं घेतली त्यात "कबीर मोमीन लतिब मुसलमान" असा चरण आहे. सेना न्हावी, गोरा कुंभार, रोहिदास, चोखामेळा यांच्याच ओळीत. हा अभंग ज्या गादीवरून म्हणायचा, तिथूनच मुलाण्याच्या उजेडात उभं राहून त्याच्यासारख्याच्या दुकानात जाऊ नका म्हणायचं? त्या घराला फोन करू नका. कमिटीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन जा, नारळ घेऊन रीतसर निमंत्रण द्या, आणि गेल्या साली जे बोललं गेलं ते गावाचं बोलणं नव्हतं हे पोराच्या आजोबांसमोर, नसतील तर वडिलांसमोर सांगा. जमलं तर ठरावातही लिहा.

यंदाच्या सगळ्या कीर्तनकारांना आधी पत्र द्या. अभंग सोडून उमेदवार, पक्ष, कुणाची जात, कुणाचा धर्म यावर बोलणं होणार नाही. मान्य नसेल तर तारीख दुसऱ्याला. खर्चाचं म्हणाल तर बुंदी काढून टाका. गव्हाची लापशी, आमटी, भात. काल्याला मुख्य प्रसाद लाह्या-दह्याचा, तो कुठल्याही गावाला झेपतो.

---

वकील, मिरज

कमान हा शब्द वाचला आणि थांबलो. 2009 च्या गणेशोत्सवात मिरजेत एका स्वागत कमानीवरच्या चित्रावरून जे पेटलं, त्यात संचारबंदी लागली, आणि विधानसभेची निवडणूक महिन्यावर होती. त्या दिवसांत ज्यांची दुकानं फुटली त्यांतल्या काहींचे कागद माझ्या टेबलावर आले आहेत. कमानीवर काय लावायचं हा प्रश्न आमच्याकडं किरकोळ राहिलेला नाही.

कायद्याचं सांगतो. "धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, 1988" नावाचा केंद्राचा कायदा आहे. फार कमी लोकांना माहीत आहे. त्यात देवस्थानची जागा राजकीय कामाला वापरू देणं, देवस्थानचा पैसा पक्षाच्या फायद्यासाठी खर्च करणं, आणि देवस्थाननं भरवलेला उत्सव, मिरवणूक किंवा मेळावा राजकीय कामासाठी वापरू देणं, तिन्ही मना आहेत. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आमची कमिटी नोंदलेली नाही म्हणून सुटू, असं समजू नका. सार्वजनिक पूजेची जागा म्हटली की ती संस्था आली, आणि तिचा कारभार बघणारा तो व्यवस्थापक. म्हणजे पाच मिनिटं बोलून दादा निघून जातील, जबाबदारी खजिनदारांवर येईल.

आचारसंहिता लागली असेल तर देऊळ, मशीद, चर्च प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापरायला वेगळी मनाई आहेच. विधानसभा-लोकसभेला धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) खाली भ्रष्ट मार्ग ठरतो. 2 जानेवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 4 विरुद्ध 3 असा निकाल दिला की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढं करून मत मागितलं तरी तोच दोष. स्थानिक निवडणुकांचे कायदे वेगळे आहेत, पण 1988 चा कायदा निवडणूक कोणतीही असो, बारा महिने लागू आहे.

नानांना एकच सांगतो. रस्ता आणि पाणी तुमच्या करातून होतं. त्यासाठी सप्ताह गहाण टाकायची वेळ गावावर येऊ नये.

---

ताबूतवाला (कडेगाव)

मी मुस्लिम आहे, मुद्दाम लिहितोय. आमच्या कडेगावचे उंच ताबूत सगळ्यांना माहीत आहेत. कळस आधी बांधतात आणि बांधत बांधत खाली येतात. काही ताबुतांचा मान हिंदू घरांकडं आहे, भेटींच्या दिवशी ते नसले तर आमचा मोहरम पुरा होत नाही. 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, 29 जूनला आली. आमच्या मजहबात कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहे, म्हणून आमच्या घरानं एकादशी जाऊ दिली. पोलीस सांगायला आले नव्हते, आजीनं सांगितलं. 2025 ला तर आशुरा आणि आषाढी दोन्ही 6 जुलैला होते. वाळव्यातल्या गोटखिंडीत 1980 पासून मशिदीत गणपती बसतो. हे सगळं आपल्या जिल्ह्यातलं, चार-दोन तासांच्या रस्त्यावरचं.

मुलाण्याच्या पोराच्या जागी मी होतो असं समजून सांगतो. त्याला त्या महाराजांचा राग आला असेल तेवढ्यावर भागलं असतं. टाळ्या कुणी वाजवल्या हे त्यानं बघितलंय, ते त्याला झोपू देत नसणार. त्यात त्याच्या वर्गातले असतील, त्याच्या गाडीवर बसून कॉलेजला गेलेले असतील. म्हणून वयस्कर माणसाबरोबर दोन तरुण पण न्या.

आणि हे दुखणं तुमच्याकडंच आहे असं समजू नका. रमजानमध्ये पुढारी टोपी घालून इफ्तारीला बसतात, फोटो काढतात, खजुराच्या पेट्या पाठवतात. माझ्या ओळखीच्या एका जमातीत बुजुर्गांनी ठरवलं, इफ्तारी फक्त घरोघरच्या डब्यातून. पेट्या परत गेल्या. थोडी बोलाचाली झाली. रोजा सुटायचा तो सुटतोच.

---

तरुण कीर्तनकार (खटाव)

विणेकरी तात्या, गाडगेबाबा समोरच्यालाच बोलायचे, गैरहजर माणसाला नाही, हे मला लागलं. यावर मी विचार करीन. पत्रात "धर्म यावर बोलणं होणार नाही" असं लिहिणं मात्र मला पटत नाही. कीर्तनात धर्मावर नाही बोलायचं तर कशावर? शब्द बदला. "कुणाच्या धर्माची निंदा" असं लिहा. आणि आमच्या तालुक्यात पुसेसावळीला सप्टेंबर 2023 मध्ये सोशल मीडियाच्या पोस्टवरून काय झालं, एक जीव गेला, जिल्ह्याचं इंटरनेट बंद पडलं, ते मी जवळून पाहिलंय. गादीवरून जपून बोलायचं हे मला कुणी शिकवायला नको.

---

विणेकरी (कराड)

महाराज, शब्द तुमचाच बरोबर. खजिनदार, "निंदा" लिहा.

---

सप्ताह खजिनदार (कडेगाव तालुका)

बैठक झाली. तुमचं सगळं छापून नेलं होतं. अभंग मी सुरू केला आणि अर्ध्यातून दोघा-तिघांनी उचलला. चार वाजता वीणा कुणाच्या गळ्यात घालणार, हे विचारल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग जे सदस्य फ्लेक्सच्या बाजूनं होते त्यांच्यातल्याच एका आबांनी सांगितलं, माझा पहारा सकाळी सहाचा, माझ्या पुढचा विरुद्ध पार्टीचा आहे, फ्लेक्स नको. 1988 चा कायदा वाचून दाखवल्यावर उरलेले गप्प झाले. एकानं राजीनामा दिला, तो आम्ही स्वीकारलेला नाही. दादांना तांदूळ घेऊन या, पंगतीला बसा, असा निरोप गेलाय. ते नाराज आहेत.

मुलाण्याच्या घरी आम्ही गेलो. आमच्या कमिटीतले सगळ्यात वयस्कर सदस्य आणि दोन तरुण बरोबर होते, त्यातला एक गेल्या साली टाळ्या वाजवणारा. तो स्वतःहून आला होता. पोराच्या वडिलांनी चहा दिला, नारळ घेतला. पोरगा फारसं बोलला नाही, "बघतो" म्हणाला. जनरेटर दुसऱ्या कुणाला सांगितलेला नाही.

निंदेचं वाक्य घालून पत्रं पाठवली. एका महाराजांनी अट मान्य नाही म्हणून तारीख सोडली, चैत्र शुद्ध त्रयोदशीची रात्र रिकामी आहे. कराड, खटाव, वाई भागातलं कुणी येणार असेल तर इथंच कळवा. बिदागी गावाच्या वर्गणीतून, मृदंग आणि टाळकरी आमचे.